पेरूचा समुद्र आणि आपला पाऊस

आम्ही पंचवटीतून बोलतोय. 'अल निनो' हा शब्द २०२३ साली आपण सारख्या ऐकत होतो. तो मूळचा पेरू देशातल्या कोळ्यांचा. पेरू म्हणजे फळ नव्हे हं, दक्षिण अमेरिकेतला देश.

तिथे उत्तर-दक्षिण अँडीज पर्वत उभा. पूर्वेला ॲमेझॉनचं जंगल, तिथे धो धो पाऊस. पश्चिमेला समुद्र, तरी किनारा वाळवंट! आपल्याकडे त्र्यंबकला कोसळतो आणि सिन्नर-येवल्यावरून नुसते ढग जातात, तसंच. फक्त दिशा उलटी. शिवाय तो समुद्र थंड, त्यावर पावसाचे ढग धरत नाहीत. मासे मात्र भरपूर.

काही वर्षांनी नाताळाच्या सुमाराला हे पाणी तापतं, मासे निघून जातात. कोळ्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं. मग तिकडे वाळवंटात पूर येतात आणि इकडे आपला मोसमी वारा बऱ्याचदा ढिला पडतो. १९७२ ला आपल्या सासवा खडी फोडायला गेल्या, ते अल निनोचंच वर्ष. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. सिन्नर, येवला, मालेगाव दुष्काळी जाहीर झाले. पण १९९७ ला अल निनो जोरात असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला!

म्हणून बातमी ऐकून पेरणी सोडायची नाही. पण गटाचं कर्ज काढून आणलेलं बियाणं पहिल्या सरीवर मातीत घालायचंही नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, वीतभर ओल बघा, मग तिफण काढा.