एका संगणकावरचा क्लाउड

क्लाउड उभारण्याचं ओपनस्टॅक हे सॉफ्टवेअर शिकायला निघालेले बरेच जण पहिल्याच दिवशी नावांच्या गर्दीत हरवतात. २०१० साली नासा आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी मिळून हा ओपन सोर्स प्रकल्प सुरू केला. नासाकडून नोव्हा हा भाग आला, रॅकस्पेसकडून स्विफ्ट. पुढे कीस्टोन, ग्लान्स, न्यूट्रॉन अशी भर पडत गेली. ही नावं पाठ करत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्यानं लिनक्स टाकलेला एक रिकामा संगणक घ्यावा (रोजच्या वापरातला नको, कारण त्यावर बरीच उलथापालथ होते), त्यावर डेव्हस्टॅक ही ओपनस्टॅक उभारणारी स्क्रिप्ट चालवावी आणि एकच छोटं व्हर्च्युअल मशीन उभं करावं. आज्ञा दिली की कीस्टोन आपली ओळख तपासतं, नोव्हा जागा शोधतं, ग्लान्स मशीनची डिस्क-प्रतिमा पुरवतं, न्यूट्रॉन नेटवर्कशी जोडून देतं. प्रत्येकाचं काम लॉगमध्ये ओळीनं दिसतं. मग मुद्दाम संगणकाच्या आवाक्याबाहेरची मेमरी मागून पाहावी. 'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड' असा नकार येतो. तो का आला, हे नोव्हाच्या शेड्यूलरच्या, म्हणजे जागा ठरवणाऱ्या भागाच्या, लॉगमध्ये शोधताना जे कळतं, ते आकृत्या पाहून कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, भाड्याचा क्लाउड दोन मिनिटांत मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? नुसती वेबसाइट चालवायची असेल, तर भाड्याचाच घ्यावा. पण तिथला शेड्यूलर उघडून पाहता येत नाही. इथे अपाची परवान्यामुळे सगळा कोड आपल्यासमोर असतो, बराचसा पायथनमध्ये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत ओपनस्टॅक हजारो सर्व्हरांवर चालतं, तिथे एका संगणकावरचा अनुभव काय कामाचा? खरंय, मोठ्या व्यापात येणाऱ्या अडचणी इथे भेटत नाहीत आणि डेव्हस्टॅक प्रत्यक्ष सेवेसाठी वापरूही नये. पण त्याला खेळणं म्हणणं अन्यायाचं आहे. कोणीही सुचवलेला बदल गेरिट या तपासणी-व्यवस्थेत आला, की झूल ही यंत्रणा त्याच्या चाचण्या आपोआप घेते. त्यांतल्या कित्येक चाचण्यांसाठी जो ओपनस्टॅक उभारला जातो, तो डेव्हस्टॅकनंच.