भिंतीचे बूड जपा



नवे घर बांधले, की पाहुणा दार बघतो, रंग बघतो, छत बघतो. भिंतीच्या बुडाकडे कोण बघतो? पण भिंत आधी खराब होते ती बुडाशीच. आज आपण त्या बुडाविषयी बोलू.

केर काढताना केरसुणी कुठे लागते? बुडाला. फरशी धुताना पाणी कुठे उडते? बुडाला. खाट, पेटी, धान्याची पोती घासतात तीही तिथेच. हळूहळू गिलावा सुटतो. फट पडते. फटीत मुंग्या येतात, झुरळे येतात. विंचवालाही अशी अंधारी जागा आवडते. आपली पोरं जमिनीवरच निजतात, हे विसरू नये.

म्हणून भिंतीच्या बुडाला फरशीची पट्टी लावतात. गवंडी तिला स्कर्टिंग म्हणतात. ती बहुधा चार ते सहा इंच उंच असते. खाली शहाबादी फरशी असेल, तर पट्टीही शहाबादीचीच लावतात.

“पट्टीचं काय, मागाहून बघू,” असे पुष्कळजण म्हणतात. तसे करू नये. गिलावा पुरा झाला, की पट्टीसाठी तो पुन्हा फोडावा लागतो. फोडला नाही, तर पट्टी पुढे येते. तिच्या कडेवर धूळ बसते, आणि कपाट भिंतीला भिडत नाही. म्हणून गिलाव्याच्या वेळीच सांगावे, “मिस्त्री, बुडाशी पट्टीची जागा सोडा.”

आधी जमिनीची फरशी बसवावी. मग पट्टी तिच्यावर उभी करावी. म्हणजे फरशी आणि भिंत यांच्यामधली फट झाकली जाते. पट्टीची ओळ दोरी लावून सरळ करावी. पाठीमागे माल गच्च भरावा. माल धरला, की बोटाने ठोकून बघावे. पोकळ आवाज आला, तर ती पट्टी काढून पुन्हा बसवून घ्यावी. दरजा भरून आठवडाभर पाणी मारावे.

काहीजण खोलीभर गालिचा घालतात. मग खाली काय येणार, ते आधी ठरवावे. गालिचा अर्धा इंच जाड असेल, तर चार इंचांची पट्टी साडेतीन इंचच वर राहील. दारही गालिच्याला घासता कामा नये. आणि फरशी पुरती वाळल्याशिवाय गालिचा घालू नये. खाली ओल कोंडते, कुबट वास सुटतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पट्टी ओल झाकते, ओल थांबवत नाही. भिंत ओली होत असेल, तर आधी बाहेर जाऊन बघा. अंगण घराच्या जमिनीपेक्षा खाली हवे. त्याचा उतार भिंतीपासून दूर हवा. पागोळ्यांचे पाणी बुडाशी साचता कामा नये. घर मातीच्या भिंतीचे असेल, तर बुडाला सिमेंट थापू नका. सिमेंट मातीला नीट धरत नाही. ओल आत कोंडते, आणि एक दिवस सिमेंटची खपली माती घेऊनच पडते. तिथे माती लिंपून सारवलेलेच बरे.

आता हिशेब. आपण आकडे शिकलो, ते अशा वेळी कामी यावेत.

खोली 12 फूट लांब आणि 10 फूट रुंद आहे. चारी भिंतींची बेरीज करा. 12 आणि 10, पुन्हा 12 आणि 10. झाले 44 फूट. दार 3 फुटांचे आहे. दारात पट्टी नसते. 44 मधून 3 गेले, राहिले 41 फूट.

दुकानदार फरशी चौरस फुटावर देतो. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा भाग. 41 चा तिसरा भाग पावणेचौदाच्या आसपास येतो. तुटफूट धरून 15 चौरस फूट फरशी आणावी. पट्टीची मजुरी मात्र बहुधा लांबीच्या फुटावर असते. म्हणजे ती 41 फुटांची द्यायची. भाव आधी ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा.

कागदावर 44 फूट दिसले, तर भांडू नका. टेप घ्या, दोघे मिळून मोजा, आणि गोडीने विचारा, “मिस्त्री, दाराचे तीन फूट यात कसे आले?”