बँकेने घराची किंमत कमी धरली तर?

आज माझ्या वहिनीच्या घराची गोष्ट सांगते. म्हणजे, न झालेल्या घराची.

माझा भाऊ तारापूर एमआयडीसीत कामाला. वाणगाव स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीतला फ्लॅट दोघांना आवडला. सौदा ठरला 24 लाखांना. वहिनीने हिशोब मांडला: बँक 90 टक्के देणार, म्हणजे 21 लाख 60 हजार. उरलेले 2 लाख 40 हजार घरचे. त्यातले 2 लाख बयाणा म्हणून लगेच देऊन टाकले, साध्या पावतीवर.

मग बँकेचा व्हॅल्युअर आला. त्याने खोल्या मोजल्या, फोटो काढले, कागद बघितले. त्याने किंमत धरली 20 लाख.

आता नीट ऐका. तुमचा सौदा कितीचाही असो, बहुतेक बँका सौद्याची किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत यांतली जी कमी, तिच्यावर कर्ज देतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला जास्तीत जास्त 90 टक्के मिळू शकतात. 20 लाखांचे 90 टक्के म्हणजे 18 लाख. विकणाऱ्याला मात्र 24 हवेत. वहिनीला घरून 2 लाख 40 हजार नाही, 6 लाख उभे करायचे होते. नोंदणीचा खर्च वेगळाच.

एवढा फरक का पडला? एक तर विकणारे टेरेसचाही भाव लावत होते, आणि मंजूर नकाशात ते टेरेस बंदिस्त नव्हतं. दुसरं कारण आपल्या सगळ्या भागाचं आहे. जून 2024 मध्ये वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हापासून जो तो बंदराचा भाव सांगतो. बंदर होईल तेव्हा होईल. व्हॅल्युअर बघतो ते आसपासचे नोंदवलेले व्यवहार, इमारतीचं वय आणि कागद.

गंमत बघा, मुद्रांक शुल्क घेताना सरकार आपली सौद्याची किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतली जास्तीची धरतं, आणि कर्ज देताना बँक कमीची. दोन्हीकडून खिसा आपलाच. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, हेही याच वेळी लक्षात ठेवा.)

एजंट म्हणाला, "वहिनी, कागदावर किंमत वाढवू, दुसरीकडून मोठं कर्ज काढून देतो." तिने ऐकलं नाही, बरं झालं. ती फसवणूक आहे, आणि हप्ता एजंट भरत नाही. गटातून कर्ज काढायचं तिच्या मनात होतं. मीच थांबवलं. घराचा हप्ता आणि गटाचा हप्ता एका पगारातून जमला नाही, तर गटातल्या नऊ बायकांचीही झोप उडते.

त्यापेक्षा हे करता येतं. रिपोर्टमध्ये काय मोजलं, कोणता दर धरला, ते बँकेत विचारा. मोजमाप चुकलं असेल तर लेखी अर्ज द्या, फेरमूल्यांकन मागा. त्याच इमारतीतले अलीकडचे व्यवहार इंडेक्स टूमध्ये दिसतात. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ते शोधता येतात. ते जास्त भावाचे निघाले तर बँकेला दाखवा, कमी भावाचे निघाले तर विकणाऱ्याला. दुसऱ्या बँकेतही जाता येतं, पण फी पुन्हा भरावी लागते.

वहिनीने इंडेक्स टू काढले. दोन्ही व्यवहार 20 लाखांच्या आसपासचे होते. विकणारे 23च्या खाली यायला तयार नव्हते. सौदा मोडला. 2 लाखांतले दीड लाख परत मिळाले, तेही सहा महिने फेऱ्या मारून. 50 हजार गेले, कारण पावतीवर एक वाक्य नव्हतं.

ते वाक्य लिहून घ्या, मैत्रिणींनो. मी हळू सांगते: "बँकेने अमुक रकमेचं कर्ज मंजूर केलं नाही, तर बयाण्याची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल." रक्कम आकड्यात आणि अक्षरात. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. पैसे चेकने किंवा खात्यातून द्या; घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. आणि जमलं तर बयाणा थोडाच द्या, बाकीचा व्हॅल्युअरचा रिपोर्ट आल्यावर.

वहिनी अजून भाड्याच्याच घरात आहे. मागच्या आठवड्यात बोईसरला एक फ्लॅट बघून आली. इंडेक्स टू काढून झालेत, बयाणा अजून दिलेला नाही.