सायलेंट व्हॅली : नोकरदार माणसांनी राखलेले जंगल

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वनाधिकारी नाही, शास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकुनी करतो. असे असताना सरकारी जंगलाच्या रक्षणावर बोलण्याचा मला काय अधिकार, असे कोणालाही वाटेल. पण आपल्या देशातील एक अत्यंत मोलाचे जंगल वाचविण्यात ज्यांनी मोठा वाटा उचलला, त्यांत शाळामास्तर, प्राध्यापक, कवी आणि विद्यार्थी होते. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, पदरमोड करून त्यांनी हे काम केले. ते त्यांनी कसे केले, एवढेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सायलेंट व्हॅली नावाची दरी आहे. येथे रातकिड्यांचा आवाज नसतो म्हणून इंग्रजांनी हे नाव दिले, असे सांगतात. स्थानिक आख्यायिकेत मात्र हे सैरंध्रीचे, म्हणजे अज्ञातवासातील द्रौपदीचे वन. दरीतून वाहणाऱ्या नदीचे नाव कुंतीपुळा. १९१४ साली हे जंगल राखीव झाले. पायथ्याशी घनदाट, बारा महिने हिरवे आणि माणसाची वर्दळ अतिशय कमी, असे हे रान. सिंहपुच्छ माकड येथे मोठ्या संख्येने आढळते. काळा देह, मानेभोवती करडी आयाळ आणि शेपटीला सिंहासारखा गोंडा असलेले हे माकड झाडांच्या शेंड्यांवर जगते. सलग जंगल तुटले की त्याची वाटच बंद होते.

या दरीतील सैरंध्री येथील अरुंद घळ धरणासाठी योग्य आहे, ही गोष्ट इंग्रजी अमदानीतच अभियंत्यांच्या नजरेत भरली होती. १९७३ साली नियोजन मंडळाने येथील जलविद्युत प्रकल्पाला मान्यता दिली. पहिल्या टप्प्यात १२० मेगावॅट वीज, पुढे ती दुप्पट करण्याची सोय, सुमारे १० हजार हेक्टर जमिनीला पाणी आणि बांधकामावर काही हजारांना रोजगार, असे प्रकल्पाचे फायदे सांगितले गेले. त्या बदल्यात सुमारे ८३० हेक्टर जंगल पाण्याखाली जाणार होते. दरी जवळजवळ ९ हजार हेक्टरांची. तेव्हा दहावा हिस्सा गेला तर काय बिघडले, असा सवाल होता.

मित्रांनो, हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांनी चिमणीच्या उजेडात अभ्यास केला. गावात दिवे आले तरी आपल्या वस्तीत ते सर्वांत शेवटी आले. ज्याच्या घरात अंधार आहे त्याला माकडाचे कौतुक सांगणे सोपे नाही, आणि ते शोभतही नाही. मलबारचा भाग मागासलेला होता. केरळातील बहुतेक सर्व प्रमुख पक्ष, कामगार संघटना आणि वीज मंडळ प्रकल्पाच्या बाजूने होते. विरोध करणारा तो विकासाचा शत्रू, असेच वातावरण होते.

अशा वेळी केरळ शास्त्र साहित्य परिषद पुढे आली. विज्ञान मातृभाषेत, म्हणजे मल्याळममध्ये, लोकांपर्यंत नेण्यासाठी १९६२ साली स्थापन झालेली ही संस्था. तिच्या शाखा गावोगाव होत्या आणि कार्यकर्त्यांत शिक्षकांचा भरणा होता. वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी परिषदेच्या मासिकातून या दरीविषयी लिहिले. त्यावरून परिषदेतच वाद झाला. तिचे काही सभासद वीज मंडळात नोकरीला होते, काही प्रकल्प हवा म्हणणाऱ्या पक्षांचे होते. तो वाद दाबून न टाकता परिषदेने अभ्यास करावयाचे ठरविले. मला या साऱ्या हकिकतीत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

वनस्पतीशास्त्र, अभियांत्रिकी, शेती आणि अर्थशास्त्र जाणणारे पाच जण एकत्र बसले. त्यांतील एम. पी. परमेश्वरन यांनी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले होते. या पाच जणांनी प्रकल्पाचा ताळेबंदच तपासला. आम्ही बँकेत जमेची बाजू आणि नावेची बाजू तपासतो, तसाच. त्यांनी दाखवून दिले की मलबारचा विजेचा प्रश्न उत्पादनापेक्षा वहनाचा आणि वाटपाचा अधिक आहे. सारी वीज पावसावर अवलंबून ठेवली तर कोरड्या वर्षी सगळेच अंधारात जातील, म्हणून औष्णिक विजेचाही विचार व्हावा. पाणी विहिरी व पंपांनी देता येईल. बांधकामावरचा रोजगार बांधकाम संपताच संपेल. आणि राहिला दहावा हिस्सा. बुडणारा भाग म्हणजे नदीकाठचे जंगल, दरीचे काळीजच. शिवाय रस्ते, वसाहती आणि सरपणाची तोड यांचा हिशेब त्या दहाव्या हिश्श्यात धरलेलाच नव्हता.

परिषदेने केवळ 'धरण नको' म्हटले नाही. 'वीज हवी, ती अशी मिळेल' असे म्हटले. यामुळेच गरिबांच्या वस्तीत जाऊन बोलण्याचा नैतिक अधिकार तिला मिळाला. मग कार्यकर्त्यांनी व्याख्याने दिली, पुस्तिका विकल्या, सह्या गोळा केल्या. कवयित्री सुगतकुमारी आणि इतर मल्याळी साहित्यिक लेखणी घेऊन उतरले. मुंबईहून पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनीही दरी वाचविण्याचे आवाहन केले.

यश मात्र सहजासहजी आले नाही. १९७६ साली केंद्राने पक्षी-अभ्यासक झफर फतेहअली यांच्या नेतृत्वाखाली अभ्यासगट नेमला. त्याने प्रकल्प सोडून द्यावा असे सुचविले. पण ते शक्यच नसेल तर १७ अटी पाळाव्यात, असेही लिहिले. सरकारने पहिले वाक्य बाजूला ठेवले आणि अटी तेवढ्या उचलल्या. १९७८ साली केंद्राने सशर्त मंजुरी दिली, १९७९ साली राज्याने तसा कायदाही केला. विद्यार्थी मित्रांनो, कोणताही सरकारी अहवाल हाती आला तर त्याचे शेवटचे पान अवश्य वाचा. वाट बहुधा तेथूनच काढलेली असते.

कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले. काम काही काळ थांबले, पण जानेवारी १९८० मध्ये याचिका फेटाळली गेली. येथे सारे संपले असते. परंतु तोवर हा विषय देशभर गाजला होता. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी राज्याला काम थांबविण्यास सांगितले. प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुण्याचे माधव गाडगीळ हे तिचे एक सदस्य होते. समितीचा अहवाल १९८३ मध्ये आला आणि त्याच वर्षी प्रकल्प सोडून देण्यात आला. नोव्हेंबर १९८४ मध्ये धरणाच्या जागेसह ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली. ७ सप्टेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९७३ पासून मोजले तर दहा वर्षांहून अधिक काळ गेला!

त्यानंतरही पहारा संपला नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी उद्यानाच्या सीमेलगत, त्याच नदीवर पात्रक्कडवू येथे धरण बांधण्याचा प्रस्ताव आला. पुन्हा विरोध झाला, पुन्हा कागद वाचले गेले. २००७ साली उद्यानाभोवती १४८ चौरस किलोमीटरचा संरक्षक पट्टा मंजूर झाला. आणि अंधाराचे काय झाले? मे २०१७ मध्ये केरळ राज्य संपूर्ण विद्युतीकरण झालेले म्हणून घोषित झाले. घरोघरी दिवा पोहोचला. दरी बुडवावी लागली नाही. अर्थात केरळ बरीचशी वीज बाहेरून विकत घेते आणि कोळशाच्या विजेचा धूर कोणाच्या तरी वस्तीवर पडतोच. तेव्हा एका जंगलाच्या विजयाने सगळा हिशेब मिटला, असे मी म्हणणार नाही. हिशेब सर्वांनी मिळून पाहावयास हवा, एवढेच म्हणतो.

हेच सह्याद्रीचे डोंगर आपल्या महाराष्ट्रातही आहेत. १९८७ च्या नोव्हेंबरात धुळे जिल्ह्यातील (आता नंदुरबार) नवापूरहून आणि तिकडे कन्याकुमारीहून 'पश्चिम घाट बचाव' पदयात्रा निघाल्या, आणि १९८८ च्या फेब्रुवारीत गोव्यात एकमेकींना भेटल्या. त्यांतही सामान्य कार्यकर्तेच चालत होते.

आपण काय करू शकतो? राज्यघटनेच्या कलम ५१-क ने वने आणि वन्यजीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. ते पार पाडण्याची साधने आज त्या शिक्षकांपेक्षा आपल्या हाती अधिक आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागद मागता येतो. ज्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी लागते, तेथे किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. तो वाचायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. २००६ च्याच वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला. त्यामुळे जंगल राखायचे म्हणजे आदिवासींना बाहेर काढायचे, ही समजूतही सोडली पाहिजे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली असा सामूहिक हक्क मिळविला आणि सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा कारभार हाती घेतला.

माझी विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे. आपल्या अभ्यासिकेत दर महिन्याला एक सुट्टीचा दिवस ठेवा. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या जंगलाविषयीचा, प्रकल्पाविषयीचा अहवाल आणा, चार जणांनी मिळून वाचा. फायदा कोणाला, तोटा कोणाला, याच्या दोन बाजू वहीत मांडा. जो बाजूने बोलेल त्याचे ऐका, जो विरोधात बोलेल त्याचेही ऐका. आणि मग सुनावणीला जाऊन आपले म्हणणे लेखी द्या, त्याची पोच घ्या. घोषणा दिली की दिवस संपतो, पण पोच घेतलेला कागद फाईलला लागतो आणि पुढे कोणाला तरी उपयोगी पडतो.