बचतीच्या वहीत गोळ्यांचं पान



दिवाळी झाली की आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची पोरं-सुना ऊसतोडीला जातात. घरी राहतात म्हातारी माणसं. मागच्या हंगामात आमच्या गटातल्या एका आजींनी बीपीची गोळी बंद केली. "मशीनवर बरोबर आलं, आता कशाला?" म्हणाल्या. पुढं त्यांची उजवी बाजू लुळी पडली. बीपी बरोबर आलं होतं ते गोळीमुळंच, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. ती टोचणी आम्हाला अजून आहे.

बीपी बहुतेक वेळा दुखत-खुपत नाही, ते मोजूनच कळतं. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढं वेगवेगळ्या दिवशी आला, तर डॉक्टरांना दाखवायचं. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून निवांत बसायचं. अर्धा तास आधी चहा नको, मिश्री नको. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात.

"वय झालं, बीपी वाढायचंच," असं म्हणून सोडू नका. ऐंशीच्या पुढच्यांनाही औषधाचा फायदा होतो. चक्कर आली तर गोळी मनानं बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलून देतील. झोपेतून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. शेजारणीची गोळी घ्यायची नाही. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या काही गोळ्यांनीही बीपी वाढतं. मीठ माणशी दिवसाला एक लहान चमचा, लोणचं, पापड, खरडा धरून.

आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. पुढं गावच्याच बायकांना, अक्षर न येणाऱ्यांनाही, त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. आपण तर बचतीचा हिशोब ठेवतो!

आम्ही आता त्याच वहीत मागं एक पान केलंय: आजी-आजोबांचं नाव, गोळ्या कधी संपणार, कोण आणणार. दर बैठकीत हप्त्याआधी ते पान वाचतो. तुमच्या वहीतही एक पान मोकळं असेलच. या बैठकीत ते उघडा.