धावणारे बापलेक



अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६२ साली रिक हॉइट या मुलाचा जन्म झाला. जन्मतेवेळी मेंदूस प्राणवायू अपुरा पडल्याने हातपाय व वाचा त्याच्या स्वाधीन राहिली नाहीत. त्यास संस्थेत ठेवावे, हा डॉक्टरांचा सल्ला आईबापांनी मानला नाही. शाळेचे दार मात्र तेराव्या वर्षापर्यंत बंदच होते. ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नसावे, ही त्यामागील समजूत! ती केवळ अमेरिकेतच आढळते असे नव्हे. डोक्याच्या हालचालीने अक्षरे निवडण्याचे यंत्र मिळाले, तेव्हा रिक बोलू लागला.

१९७७ साली एका जखमी खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची शर्यत ठरली. तीत भाग घेण्याची इच्छा रिकनेच वडिलांस कळविली. डिक हॉइट काही धावपटू नव्हते. मुलाची चाकांची खुर्ची ढकलीत त्यांनी शर्यत पुरी केली. क्रमांक शेवटून दुसरा. धावताना आपले पंगुत्व जाणवत नाही, असे रिकने त्या रात्री यंत्राद्वारे सांगितले. पुढे हे बापलेक हजाराहून अधिक शर्यती धावले. बोस्टनची मॅरेथॉन तर ३२ वेळा. १९९३ मध्ये रिक बोस्टन विद्यापीठाचा पदवीधरही झाला.

यात बापाने दया दाखविली असे मानणे चूक होय. हौस मुलाची होती, पाय बापाचे.

आपल्या क्रीडास्पर्धांत अशी मुले बहुधा टाळ्या वाजविण्यास कडेला बसविली जातात. यंदा मैदान आखण्यापूर्वी त्यांना काय खेळावेसे वाटते ते त्यांनाच विचारावे, आणि त्यांच्या आईबापांसही त्या दिवशी मैदानावर बोलवावे.