विषारी द्रव्यांचा अग्रक्रम कसा ठरतो?



सर्वांत जहाल विष तेच समाजाला सर्वांत घातक, असा आपला सर्वसाधारण समज असतो. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात मात्र निराळा विचार करावा लागतो. कुलूपबंद कपाटातील जहाल विषापेक्षा पिण्याच्या पाण्यातून रोज पोटात जाणारे थोडे विष अधिक माणसांना बाधते. अमेरिकेत या विचाराला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आहे.

तेथील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरण्यात आला. पुढे त्याच जागेवर शाळा झाली, भोवती वस्ती वाढली. कालांतराने रसायने घरांच्या तळघरांत झिरपली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. त्यानंतर १९८० मध्ये दूषित जागांच्या सफाईसाठी ‘सुपरफंड’ कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीने अशा जागांवरील घातक द्रव्यांची क्रमवार यादी करणे बंधनकारक झाले.

ही क्रमवारी तीन कसोट्यांवर ठरते : ते द्रव्य किती दूषित जागांवर आढळते, ते किती विषारी आहे आणि माणसांशी त्याचा संपर्क येण्याचा संभव किती. प्रत्येक कसोटीला कमाल ६०० याप्रमाणे एकूण १८०० गुण असतात. २०२२ च्या यादीत आर्सेनिक, शिसे व पारा ही पहिली तीन द्रव्ये होती. क्षणात प्राण घेणारे सायनाइड मात्र पहिल्या दहांतही नव्हते!

यादीतील द्रव्यांविषयी उपलब्ध संशोधन तपासून सविस्तर अहवाल तयार केले जातात. प्राण्यांवरील प्रयोगांत अपाय न करणारी मात्रा आढळली, तरी ती माणसाला जशीच्या तशी लावत नाहीत. प्राणी व माणूस यांतील फरकासाठी आणि माणसामाणसांतील फरकासाठी ती सामान्यतः प्रत्येकी दहापट कमी करतात. बालके व दुर्बल व्यक्ती यांचे रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू.

यादीतील खालचा क्रमांक म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे. प्रथम कोठे लक्ष द्यावे, एवढेच तो सांगतो.

ती यादी त्यांच्या दूषित जागांची आहे. ती आपल्याला जशीच्या तशी लागू पडणार नाही. तीन कसोट्या मात्र आपल्याही उपयोगाच्या आहेत. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. असे पाणी दिसायला नितळ असते. त्याला रंग नाही की वास नाही. पण वर्षानुवर्षे ते पिण्यात आले की दात व हाडे यांना कायमची बाधा होते. म्हणूनच पाण्याच्या तपासणीचा अहवाल हाती येताच सदस्यांनी व शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत : काय आढळले, ते किती अपायकारक आहे आणि ते पाणी कोण पिते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेपाशी नसते. ते गावालाच द्यावे लागते.